परतसाहेबांची बोटं

वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे परतसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. ते विमा कंपनीचे सर्वेअर. म्हणजे अपघात झालेली गाडी आधी बघायची आणि दुरुस्ती झाली की पुन्हा येऊन ती पास करायची, हे त्यांचं काम. पण 'पास' हा शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच निघायचा. गाडीवरून हात फिरवायचे, मध्येच थांबायचे, म्हणायचे, "परत." की निघाले स्कूटरवर बसून. माझी त्यांच्याशी गाठ पडली ती आमच्या लेकीमुळे, आणि पहिल्या भेटीत मला त्यांचा इतका राग आला होता की मी कधी त्यांच्यावर लिहायला बसेन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

लेक तेव्हा एकोणीस वर्षांची. लायसन्स हातात येऊन तीन महिने झालेले. कॉलेज घरापासून चाळीस किलोमीटर, बहुतेक रस्ता हायवेचा, आणि ती रोज आमची गाडी घेऊन जायची. एका सकाळी सिग्नलला उभी असताना मागून टेम्पो आला आणि डाव्या कोपऱ्यावर बसला. तिला खरचटलंसुद्धा नाही. गाडीचा कोपरा मात्र पार आत गेला, डिक्कीचं झाकण अडकलं आणि चाकावरचा पत्रा टायरला घासायला लागला.

"तरी मी सांगत होतो," नवरा म्हणाला. आमच्या संसारात हे वाक्य इतक्या वेळा आलंय की आता ते मला भिंतीवरच्या घड्याळासारखं ऐकूच येत नाही. तो काय सांगत होता, तर विमा मोठ्या कंपनीचा घे. मी घेतला होता लहान कंपनीचा. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात चार माणसं, एवढीच ती कंपनी. कारण विचाराल तर मी फोन केला तेव्हा तिथे माणसाने उचलला होता. मोठ्या कंपनीत मला आधी एक दाबा, मग चार दाबा असं सांगत होते, आणि मी शाळेत गणित शिकवत असले तरी मलाही मर्यादा आहेत.

"बडा घर पोकळ वासा," मी म्हटलं.

"वासा पोकळ असेल, पण दीडशे वर्कशॉप आहेत त्यांची!" नवरा म्हणाला.

त्यातून झालं असं की त्याच महिन्यात शेजाऱ्यांची गाडी ठोकली गेली. त्यांचा विमा मोठ्या कंपनीचा. पाच दिवसांत गाडी दारात! धुतलेली, पुसलेली, आत अत्तराची बाटली, स्टिअरिंगवर 'झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत' असं कार्ड. नवरा दोनदा जाऊन ती गाडी बघून आला. अत्तराचा वासही घेऊन आला असणार. आमची गाडी अकराव्या दिवशीही वर्कशॉपमध्येच होती. साहेबांनी एकदा परत पाठवली होती, आणि आज दुसऱ्यांदा बघायला येणार होते. मी शाळेतून अर्धी सुट्टी घेतली आणि भांडायच्या तयारीने तिथे गेले.

गाडी चकाचक उभी होती. शेजारी डेंटर, म्हणजे ठोकलेला पत्रा सरळ करणारा मिस्त्री, हाताची घडी घालून उभा. मला तर कुठे काय झालं होतं तेही ओळखू येईना. तेवढ्यात साहेब आले. किडकिडीत माणूस, शर्टाची बटणं मनगटापर्यंत लावलेली. कुणाशी न बोलता नळावर गेले, साबणाने हात धुतले, खिशातल्या सुती फडक्याने एकेक बोट कोरडं केलं आणि गाडीपाशी येऊन चक्क डोळे मिटले.

मला हसू आलं. गाडी बघायला आलेला माणूस डोळे मिटतो!

उजव्या हाताची बोटं डाव्या कोपऱ्यावरून सावकाश फिरली. वर, खाली, पुन्हा वर. एका जागी थांबली.

"इथे पुट्टी आहे. पत्रा ओढून काढला नाही, खड्डा भरलाय."

"थोडीशीच आहे साहेब," डेंटर म्हणाला.

"अडीच मिलिमीटर."

आता मात्र मला राहवलं नाही. बोटाने मिलिमीटर सांगणारा माणूस म्हणजे गणिताच्या बाईचा अपमानच. "अंदाजाने गाड्या अडवता का तुम्ही?" मी विचारलं. साहेबांनी डोळे उघडले, माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि डेंटरला म्हणाले, "खरवडा. बाईंना मोजून दाखवा." त्याने चेहरा पाडून तेवढी जागा खरवडली, मोजली. दोन पूर्णांक चार. मी एका दशांशासाठी पोरांचा अर्धा मार्क कापणारी बाई, पण तिथे मी तोंडात बोट घालून उभी राहिले.

मग त्यांनी डिक्कीतली चटई उचलली, हात खाली घातला आणि म्हणाले, "तळाला सुरकुत्या आहेत. ठोकून बसवलाय."

"पण चटईखालचं कोण बघतंय?" मी म्हटलं. घाई होती हो मला.

"बाई, मागून पुन्हा धक्का बसला तर तो ह्या तळाने खायचा असतो. तो आधीच दुमडलेला असेल तर खाणार नाही, पुढे ढकलेल. पुढे कोण बसतं?"

"लेक," मी म्हटलं.

"मग परत," ते म्हणाले, आणि मीच मान हलवली.

गाडी एकोणिसाव्या दिवशी आली. अत्तर नाही, कार्ड नाही. पण त्या दिवसापासून लेक हायवेवर असताना माझा जीव टांगणीला लागायचा थांबला, आणि ह्याचं श्रेय मी त्या दहा बोटांना दिलं. खरं तर पाचच, उजव्या हाताच्या.

नंतर त्यांची माझी ओळख वाढली. एकदा शाळेच्या दारात भेटले, चहा घेता घेता बोलले. वडील शिंपी होते. कपडा घेतला की आधी उलटा करायचे आणि आतली शिवण बघायचे, बाहेरून बघून कधी कुणाला शाबास म्हणायचे नाहीत. साहेब स्वतः वीस वर्षं मोठ्या कंपनीतच होते. शेवटी शेवटी वर्कशॉपला जाणंच बंद झालं, फोटो यायचे, स्क्रीनवर बघायचे आणि पास करायचे. दिवसाला साठ गाड्या.

"फोटोला हात लावून बघितला एकदा," ते म्हणाले. "गुळगुळीत होता. मग राजीनामा दिला."

"म्हणजे मोठ्या कंपन्या वाईटच ना?" मी खूश होऊन विचारलं. नवऱ्याच्या तोंडावर मारायला हे बरं होतं.

"छे! त्यांच्याकडे मशिनं चांगली, पैसा आहे, एक वर्कशॉप बिघडलं तर दुसरं आहे. एखादा सर्वेअर आजारी पडला तर दुसरा येतो. आमच्याकडे काय आहे? मी परत येऊन बघतो, एवढंच. तेवढं काढलं तर आमची कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानाचा माळा."

दोन वर्षं गेली. एका पार्किंगमध्ये मागे येणाऱ्या ट्रकने आमच्या गाडीचं उजवं दार आणि दारामागचा खांब चेपवला. पुन्हा तेच वर्कशॉप, तोच डेंटर, तेच हात धुणं, तेच डोळे मिटणं. साहेबांनी दारावरून हात फिरवला, खांबावरून फिरवला, खालच्या कडेवरून फिरवला. आणि म्हणाले, "छान झालंय. न्या."

पहिल्या फेरीत! मी अवाक्. डेंटरनेही मान खाली घातली. मला वाटलं, कौतुकाने लाजला. "मिस्त्री, सुधारलात हं," साहेब म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. नवरा घरी येऊन म्हणाला, "बघ, तुझी कंपनी आता मोठ्या कंपनीसारखी व्हायला लागली." त्याच्या तोंडी ही पदवी म्हणजे सुवर्णपदक.

लेक पुन्हा रोज हायवेने जायला लागली. असे सात महिने गेले.

मग एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात साहेब, हातात एक चौकोनी पेटी. आत आले, बसले. चहा दिला तर त्यांनी कप डाव्या हाताने उचलला.

"तुमची गाडी मी पास केली होती," ते म्हणाले. "ती मला परत बघायची आहे."

"का? काही झालं का?" नवऱ्याने पेपर खाली ठेवला.

"महिन्यापूर्वी असाच चहाचा कप धरला होता. बहीण ओरडली, अरे, हात भाजतोय तुझा! चहा उकळता होता. मला पत्ताच नाही." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटांच्या टोकांवर भाजल्याचे डाग होते. "डॉक्टर म्हणतात, मानेतली नस दबली आहे. ह्या बोटांना काही लागत नाही. आठ-नऊ महिन्यांपासून हळूहळू होत गेलं असणार."

"अहो, पण तुम्हाला इतके महिने कळलं कसं नाही?" माझा आवाज वर्गातला झाला.

"बाई, मी आयुष्यभर बोटांनी काय शोधलं? खड्डा, उंचवटा, कड. काहीच लागलं नाही की गाडी चांगली. गेले आठ महिने मला कुठल्याच गाडीला काही लागत नव्हतं. मला वाटलं, माझ्या 'परत'ला कंटाळून वर्कशॉपवाले सुधारले! सगळ्यांना शाबासकी देत फिरत होतो मी." ते स्वतःशी हसले. आम्ही कुणी हसलो नाही.

कंपनीच्या मालकांना त्यांनी डॉक्टरांकडून आल्या दिवशीच सांगितलं होतं. मालक म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही, कशाला उकरून काढता? साहेबांनी उत्तर दिलं, तक्रार नाही कारण खाली माझी सही आहे. आणि रंगाखाली काय आहे ते मोजणारं मशीन स्वतःच्या पैशांनी घेऊन ते त्या आठ महिन्यांत पास केलेल्या गाड्या एकेक करून शोधायला निघाले होते.

"तेवीस बघून झाल्या. सात खराब निघाल्या. त्या पुन्हा उघडायला लावल्या."

नवरा ताडकन उठला. "आमची पोर सात महिने त्या गाडीतून हायवेवर जातेय! आणि तुम्ही आज येऊन सांगताय, बोटं बधिर आहेत?" तो बराच वेळ बोलत राहिला. लहान कंपनी, चष्म्याचं दुकान, माझा हट्ट, सगळं निघालं. साहेबांनी मान खाली घालून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "किल्ली द्या."

किल्ली लेकीने आणून दिली. तिचा चेहरा उतरला होता, पण म्हणाली, "काका, मीपण येते. मला बघायचंय."

वर्कशॉपला रविवारीही अर्धा दिवस काम असे, म्हणून आम्ही सगळेच तिथे गेलो. गाडी उचलून धरली गेली. साहेबांनी खांबावरचं आतलं अस्तर काढायला लावलं. मशीन टेकवायचे, आकडा वाचायचे, दोन बोटं सरकायचे, पुन्हा टेकवायचे. मी प्रत्येक आकडा मनात मागच्याशी ताडून बघत होते. लेक माझ्या दंडाला धरून उभी होती. मग त्यांनी खांबाच्या वेल्डिंगचे टाके मोजले. बारा हवेत, बारा होते. सगळीकडे आकडे सारखे. पत्रा ओढून काढलेला, कडा सरळ, खालची बाजूसुद्धा रंगवलेली, जी जन्मात कुणी बघणार नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला. लेकीने तर मला मिठीच मारली. साहेबांच्या कपाळावर मात्र आठ्या होत्या. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"मिस्त्री, इकडे या," ते म्हणाले. "ह्या आठ महिन्यांत तुमच्याकडच्या नऊ गाड्या मी पास केल्या. ही नववी. नऊच्या नऊ चांगल्या. तुम्ही आणि मी चौदा वर्षं एकमेकांना ओळखतो. तुमची एक गाडी कधी पहिल्या फेरीत पास झाली नव्हती. हे मशीन बिघडलंय, की मला काही कळेनासं झालंय?"

डेंटर हात पुसत राहिला. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी पुसत राहिला.

"मला माहीत होतं साहेब," तो शेवटी म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"तुमच्या बोटांचं. पांढऱ्या गाडीच्या दाराला, खालच्या कडेला कानस मारायची राहिली होती. धार होती तिथे. तुम्ही हात फिरवलात, बोट कापलं. रक्त लागलं पत्र्याला. आणि तुम्ही म्हणालात, छान झालंय, न्या."

नवऱ्याला राहवलं नाही. "मग तुमची चांदीच की हो! बघणाऱ्यालाच दिसत नाही म्हटल्यावर."

"पहिल्या दिवशी मलापण तसंच वाटलं," डेंटर म्हणाला. "दुसऱ्या गाडीला पुट्टी कालवून घेतली, भरायला बसलो. हातच होईना. आधी कसं होतं, मी लपवायचो, साहेब शोधायचे. सापडलं तर परत करायचं, नाही सापडलं तर आपलं नशीब. आता शोधणारंच कुणी नाही म्हटल्यावर, जे राहील ते राहीलच ना कुणाच्या तरी गाडीत? मग गिऱ्हाईक न्यायच्या आधी पांढऱ्या गाडीची ती धार घासली, आणि मीच डोळे मिटून हात फिरवायला लागलो. स्वतःलाच म्हणायचो, परत."

माझ्या अंगावर काटा आला. हे मी सजवून लिहीत नाही, खरंच आला. मी सव्वीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये फेऱ्या मारल्या आहेत. पर्यवेक्षकाची पाठ वळली की वर्गात काय होतं ते मला पाठ आहे. पाठ वळल्यावर जास्त नीट पेपर लिहिणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तो ग्रीसने माखलेल्या सदऱ्यात माझ्यासमोर उभा होता आणि त्याला वाटत होतं की आपण काहीतरी गुन्हा कबूल करतोय.

"मला सांगितलं का नाही?" साहेबांचा आवाज चढला.

"सांगितलं असतं तर तुम्ही यायचे बंद झाला असता."

"आणि बाकीच्या सात? मला तेव्हाच कळलं असतं तर दुसऱ्या वर्कशॉपांत मी हा हात फिरवलाच नसता. तुमच्या नऊ वाचल्या, मिस्त्री, पण त्या सात गाड्यांमध्येही कुणाची तरी मुलं बसत होती."

डेंटरचा चेहरा पडला. "तेवढं डोक्यात आलं नाही साहेब," तो अगदी हळू म्हणाला. साहेब स्टुलावर बसले. चूक दोघांची होती, दोघांना ती कळली होती आणि कुणीही ती दुसऱ्याच्या गळ्यात घालत नव्हतं. इतकं मोठेपण मी मोठमोठ्या सभांमध्येही पाहिलेलं नाही.

नवऱ्याच्या खिशात मोठ्या कंपनीचा फॉर्म होता. आमच्या पॉलिसीची मुदत त्या शुक्रवारी संपत होती, आणि निघताना त्याने तो मुद्दाम घेतला होता. साहेबांना तो दिसला असावा.

"जरूर जा तिकडे," ते म्हणाले. "ह्या हाताच्या भरवशावर तुम्हाला थांबा म्हणणार नाही मी. फक्त एक विचारून घ्या. मोठी असो, लहान असो, दुरुस्ती झाल्यावर कुणी परत येऊन बघतं का, एवढं विचारा."

"आणि तुमच्याकडे आता कोण येणार?" नवऱ्याने विचारलं. आवाज मात्र सकाळचा राहिला नव्हता.

"मशीन घेऊन मीच. जमेल तोवर."

पॉलिसी माझ्या नावावर आहे. "आम्ही कुठेही जात नाही," मी म्हटलं, आणि नवऱ्याने खिशातला फॉर्म आणखी खोल सारला.

साहेबांनी पेटीतून गाडी पास केल्याचा कागद काढला. डाव्या हाताने, लहान मुलासारखी वाकडीतिकडी सही केली. मग तिच्याखाली पट्टी न घेता एक रेघ ओढली आणि कागद डेंटरपुढे धरला.

"इथे तुम्ही करा."

"मी?" डेंटर दचकला. "मी कशाला साहेब?"

"वीस वर्षं मोठ्या कंपनीत होतो, आता इथे आहे. गाडी घेणाऱ्याची सही असते, बघणाऱ्याची असते, पैसे देणाऱ्याची असते. ज्याने काम केलं त्याची कुठेच नसते. मालकांना मी सांगतो, आजपासून आपल्या कागदावर असेल."

लेकीने पेन पुढे केलं. डेंटरने ते घेतलं नाही. आधी नळावर गेला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, लेकीने दिलेल्या रुमालाला पुसले. परत आला, पेन घेतलं, कागदावर टेकवलं. आणि तसाच थांबला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"एक मिनिट साहेब," तो म्हणाला. पेन लेकीच्या हातात दिलं, बॅटरी घेतली, आणि सही करायच्या आधी आमच्या गाडीखाली गेला, पुन्हा एकदा बघायला.